चोवीस तासांची शर्यत आणि आपली रात्रपाळी

२०२५ च्या जून महिन्यातील एक शनिवार. येळ्ळूरच्या शिवारातील धूळवाफेच्या पेरण्या आटोपल्या होत्या, शाळा नुकत्याच उघडल्या होत्या आणि शाळांपाठोपाठ दरवर्षी येणारी तापाची साथही आपले पाऊल ठेवून गेली होती. मध्यरात्र उलटून दीड वाजण्याच्या सुमारास दोन वर्षांच्या एका मुलाला तापातला झटका आला म्हणून घरच्यांनी त्याला माझ्याकडे आणले. झटका वाटेतच थांबला होता. मूल तपासले, ताप उतरविला, आईला धीर दिला आणि दोन-तीन तास नजरेखाली ठेवावे असे ठरविले. मुलाचे वडील उद्यमबागेतील एका मशीनशॉपमध्ये कामाला आहेत. दुसरी पाळी संपवून ते थेट कारखान्यातूनच आले होते. हातावरचे तेलाचे डागही पुसलेले नव्हते. थोड्या वेळाने पाहतो तो ते बाकावर बसून मोबाइलवर काहीतरी पाहत होते. काळोख्या रस्त्यावरून मोटारींचे दिवे धावत होते.

मी विचारले, तेव्हा ते काहीसे ओशाळून म्हणाले, "फ्रान्समधली शर्यत हाय डॉक्टर, चोवीस तासाची. झोप येईना म्हणून बघूलालोय. तिघं-तिघं आलटून पालटून चालवत्यात. आमच्यागत शिफ्ट हाय त्यांची." मग क्षणभर थांबून त्यांनी सहज विचारले, "तुमच्या बदलीला कोण येतंय?"

मी हसून वेळ मारून नेली. सकाळी आठपासून मी जागा होतो आणि रविवारी सकाळी नऊ वाजता पुन्हा बाह्यरुग्ण विभागात बसायचे होते. बदलीला कोणीही येणार नव्हते. गेली वीसहून अधिक वर्षे कोणीही आलेले नाही, आणि त्यात काही वावगे आहे असे मला त्या रात्रीपर्यंत फारसे वाटलेही नव्हते.

स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा नेहमीप्रमाणे लसीकरण अथवा बालकांचा आहार असा एखादा विषय घ्यावा, असेच मनात होते. परंतु त्या गृहस्थांचा प्रश्न पाठ सोडीना. तेव्हा त्या शर्यतीचा इतिहास मिळेल तेथून वाचून काढला. वैद्यकाशी त्याचा संबंध काय, असे वाचकांना सुरुवातीला वाटेल. थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

फ्रान्समधील ल मां या गावी (लिहिताना शेवटी 'स' लिहितात, उच्चारत नाहीत) ही शर्यत २६ व २७ मे १९२३ रोजी प्रथम भरली. हेतू वेगवान मोटार शोधण्याचा नव्हता, टिकाऊ मोटार शोधण्याचा होता. त्या काळच्या मोटारींचे दिवे, चाके, टायर, इंधनाची टाकी यांपैकी कशाचाच भरवसा नसे. तेव्हा सार्वजनिक रस्त्यांच्या सुमारे सव्वासतरा किलोमीटरच्या वेढ्यावर एक पूर्ण दिवस आणि एक पूर्ण रात्र गाडी पळवायची, म्हणजे कोणाचे काय निखळते ते सर्वांना दिसेल, अशी ही कल्पना. पहिल्या वर्षी ३३ गाड्या निघाल्या. पाऊस होता, रस्ते खडीचे होते, तरी ३० गाड्या टिकल्या. लगाश आणि लेओनार या दोघांनी आळीपाळीने चालविलेली शेनार-वॉकर ही गाडी २,२०९ किलोमीटर अंतर तोडून सर्वांत पुढे राहिली. बेंटली गाडीच्या टाकीला दगड लागून भोक पडले, तेव्हा तिचा एक चालक सायकलवरून पेट्रोलचे डबे घेऊन बंद पडलेल्या गाडीपर्यंत गेला, भोक बुजविले आणि पुन्हा शर्यतीत उतरला. आपल्याकडे एस.टी. बंद पडल्यावर वाहक जे करतो, त्याहून हे काही फार निराळे नव्हते.

आपल्या व्यवसायबंधूंना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. १९२७ सालची ही शर्यत एका डॉक्टरने जिंकली. डॉ. डडली बेंजाफील्ड हे लंडनमधील जीवाणुतज्ज्ञ. आठवडाभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारा हा मनुष्य रविवारी मोटारी पळवीत असे. त्या वर्षी रात्री 'व्हाइट हाउस' नावाच्या वळणावर गाड्या एकमेकींवर आदळल्या. बेंटलीच्या तिन्ही गाड्या त्यात सापडल्या. तिसरी गाडी बेंजाफील्ड यांचा जोडीदार सॅमी डेव्हिस चालवीत होता. वळणापूर्वी रस्त्यावर विखुरलेली माती आणि लाकडाचे तुकडे त्याला दिसले. मागच्या फेरीत ते नव्हते, एवढ्यावरून त्याने वेग कमी केला. गाडी धडकलीच, पण चालण्याजोगी राहिली. वाकलेला आस आणि फुटलेला दिवा घेऊन ती रात्रभर पळाली. डेव्हिस थकला की बेंजाफील्ड आणि बेंजाफील्ड थकले की डेव्हिस, असे करीत दोघांनी ती पहिल्या क्रमांकावर आणली. वाटेवरची माती पाहून पुढचा धोका ओळखणे, याला आपण वैद्यकात निदान म्हणतो. ते करण्यासाठी डोळे उघडे असून भागत नाही, डोळ्यांमागचा मेंदू जागा असावा लागतो.

परंतु सगळेच जोडीदाराला चाक देत नसत. १९५० मध्ये एडी हॉल या इंग्रज चालकाने पूर्ण चोवीस तास एकट्याने बेंटली चालविली आणि आठवा क्रमांक मिळविला. त्याच वर्षी लुई रोझिए याने आपल्या मुलाला केवळ दोन फेऱ्यांपुरते चाक देऊन बाकी सारी शर्यत स्वतः चालविली आणि जिंकली. लोकांनी डोक्यावर घेतले. एकट्याने रात्र काढणे हा पराक्रम ठरला.

दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, पिएर लव्हेग हा फ्रेंच चालक त्याच वाटेने गेला. जर्मनीच्या मर्सिडीज गाड्यांविरुद्ध हा एकटा फ्रेंच गृहस्थ आपल्या टाल्बो गाडीत बसून आघाडीवर राहिला. जोडीदार रने मार्शां तयार होऊन थांबलेला. लव्हेग प्रत्येक थांब्यावर त्याला नकार देई. इंजिनाच्या फेऱ्या दाखविणारा काटा बंद पडला होता आणि इंजिनात काहीतरी थरथर जाणवत होती. ती आपल्यालाच कळते, दुसऱ्याच्या हाती गाडी दिली तर तो ती मोडेल, अशी त्याची समजूत असल्याचे सांगतात. बावीस तासांहून अधिक काळ तो एकटा चालवीत होता. कित्येक फेऱ्यांची आघाडी होती. शर्यत संपायला तास-सव्वा तास उरला असताना इंजिन तुटले आणि मर्सिडीज पहिली आली. थकव्याने गिअर चुकीचा पडला की यंत्रातच मुळात दोष होता, याबद्दल आजही दोन मते आहेत.

लव्हेगची गोष्ट वाचताना मी हातातील पान खाली ठेवले. 'या रुग्णाची थरथर मलाच कळते' हे वाक्य मी किती वेळा मनाशी उच्चारले असेल! आणि ते पूर्णपणे खोटेही नसते, हीच तर अडचण आहे.

येथे एक जुनी गोष्ट सांगतो. नव्वदच्या दशकात मी पदव्युत्तर शिक्षण घेत होतो. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेव्हा सर्वत्र तसेच होते. सलग तिसाव्या की एकतिसाव्या तासाला, हृदयविकार असलेल्या एका तान्ह्या बाळासाठी मी डिगॉक्सिनची मात्रा लिहिली. लिहायची होती ०.०५ मिलिग्रॅम. मी ०.५ लिहिली. एक शून्य गळाले. पाळीवरच्या परिचारिकाबाई दोन तासांपूर्वीच कामावर आल्या होत्या. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला आणि अतिशय सौम्य आवाजात म्हटले, "डॉक्टर, एवढे एकदा परत वाचता का?" मी वाचले. मला चूक दिसली नाही. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा दिसली. ते बाळ पुढे बरे होऊन घरी गेले. पहिल्या वाचनात चूक दिसली नाही, ही गोष्ट मात्र मी आजतागायत विसरलेलो नाही. थकलेल्या माणसाला आपण थकलो आहोत हेही कळत नाही. ज्या इंद्रियाने ते कळायचे तेच आधी झोपी जाते.

लव्हेगच्या शर्यतीनंतर आयोजक जागे झाले. एका चालकाने किती वेळ चाक हाती धरावे यावर पुढच्याच वर्षापासून मर्यादा आली. याच १९५३ साली अशा दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींची जागतिक मालिकाही सुरू झाली. अमेरिकेतील सेब्रिंगची बारा तासांची, इटलीतील रस्त्यांवरची हजार मैलांची 'मिल्ले मिल्या', ल मांची चोवीस तासांची, अशा शर्यतींचे गुण एकत्र मोजून विजेता ठरू लागला. पहिला मान फेरारीकडे गेला. ल मांला मात्र त्या वर्षी जॅग्वार जिंकली, ती डिस्क ब्रेकच्या बळावर. तो ब्रेक आज आपल्या दुचाकीलाही असतो. (जॅग्वार २००८ पासून टाटांची आहे, म्हणजे एका अर्थाने आपल्या पिंपरीशी या इतिहासाचे नाते जुळले आहे.)

११ जून १९५५ चा दिवस या खेळातील सर्वांत काळा दिवस. लव्हेग आता एकोणपन्नास वर्षांचा होता आणि १९५२ ची त्याची कामगिरी लक्षात ठेवून खुद्द मर्सिडीजनेच त्याला आपल्या गाडीवर घेतले होते. शर्यत सुरू होऊन अडीच तास झाले होते. पुढची जॅग्वार थांब्याकडे वळण्यासाठी अचानक मंदावली, तिच्या मागची ऑस्टिन-हीली बाजूला सरकली आणि लव्हेगची गाडी तिच्यावर चढून हवेत उडाली. इंजिन आणि आस सुटून थेट प्रेक्षकांत गेले. गाडीचा बाहेरचा पत्रा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा होता. तो पेटला, आणि पाण्याने विझण्याऐवजी अधिकच भडकला. लव्हेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मृत्यू पावले. मरण्यापूर्वी त्याने हात वर करून मागच्याला सावध केले आणि आपण वाचलो, असे मागून येणारा फांजिओ पुढे सांगत असे.

शर्यत थांबविली नाही. त्या वेळी हे अनेकांना निर्दय वाटले, आजही वाटते. परंतु संचालकांचे म्हणणे असे की, शर्यत थांबविली असती तर लाखो लोक एकाच वेळी घरी निघाले असते, रस्ते तुंबले असते आणि रुग्णवाहिकांना वाट उरली नसती. आपत्तीत जखमींची वर्गवारी ज्याने एकदा तरी केली आहे, त्याला हा युक्तिवाद कळेल. मला तो निर्णय योग्य वाटतो. त्या रात्री उशिरा मर्सिडीजने आपल्या उरलेल्या गाड्या मागे घेतल्या, तोही योग्य वाटतो. चौकशीत दोष रस्त्याचा निघाला: १९२३ च्या गाड्यांसाठी पुरेसा असलेला थांब्यासमोरचा अरुंद पट्टा, त्याहून दुप्पट-तिप्पट वेगाने धावणाऱ्या गाड्यांना पुरणार कसा? पुढच्या वर्षापूर्वी तो पाडून रुंद केला गेला. स्वित्झर्लंडने तर आपल्या देशात अशा शर्यतींवर बंदीच घातली आणि ती २०२२ पर्यंत पूर्णपणे उठविली नाही. १९५७ मध्ये मिल्ले मिल्या शर्यतीत टायर फुटून एक फेरारी रस्त्याकडेच्या लोकांत घुसली. नऊ प्रेक्षक गेले, त्यांत पाच लहान मुले होती. सार्वजनिक रस्त्यांवरची ती शर्यत त्या वर्षी कायमची बंद झाली. आपल्या महामार्गावर उसाच्या ट्रॉल्या रात्री दिव्यांविना उभ्या असतात. त्यांच्यावर आदळलेल्या गाड्यांतील मुले आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत, तरी काहीच बंद होत नाही.

आणखी एक प्रसंग सांगतो. पूर्वी ल मांला चालक रस्त्याच्या एका बाजूला उभे राहत, झेंडा पडताच धावत जाऊन गाडीत उडी मारीत आणि सुटत. धावपळीत पट्टा बांधायला सवड कोणाला? १९६९ मध्ये जॅकी इक्स हा तरुण बेल्जियन चालक धावलाच नाही. सगळे पळत असताना तो संथ चालत गाडीपर्यंत गेला, शांतपणे पट्टा बांधला आणि सर्वांत शेवटी निघाला. त्याच पहिल्या फेरीत जॉन वुल्फ हा चालक, पट्टा बांधलेला नसल्याने, गाडीबाहेर फेकला जाऊन मरण पावला. इक्स आणि त्याचा जोडीदार ऑलिव्हर चोवीस तासांनंतर सुमारे १२० मीटरच्या फरकाने जिंकले. पुढच्या वर्षापासून धावत सुटण्याची पद्धत बंद झाली. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा न बांधल्यास आपल्याकडे २०१९ च्या सुधारित कायद्याने एक हजार रुपये दंड आहे. तो कोणी भरल्याचे मी तरी ऐकलेले नाही. मुले अजूनही मोटारसायकलच्या टाकीवर बसून माझ्याकडे डोस घ्यायला येतात.

ही सारी परदेशची कथा झाली, असे वाटू नये. ल मांचा एक विजेता आपल्या मुंबईत येऊन गेला आहे. १९६८ च्या सप्टेंबरात ल्युसियाँ बियांकी याने पेद्रो रॉड्रिगेझबरोबर फोर्ड गाडीतून ल मां जिंकली. (फ्रान्समधील मे महिन्याच्या अशांततेमुळे त्या वर्षी शर्यत जूनऐवजी सप्टेंबरात झाली.) दोनच महिन्यांनी, २४ नोव्हेंबरला, लंडनहून सिडनीपर्यंत जाणारी प्रचंड मोटारस्पर्धा सुटली, तीत बियांकी आपल्या जोडीदारासह सित्रोएन गाडी घेऊन उतरला. ९८ गाड्या युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून दिल्लीमार्गे मुंबईस आल्या. आल्या त्या ७२. तेथून 'चुसान' जहाजाने ऑस्ट्रेलियास गेल्या. शेवटी सिडनीला ५६ पोहोचल्या. बियांकीची गाडी अखेरच्या टप्प्यात आघाडीवर होती. तो शेजारच्या आसनावर विसावला होता, जोडीदार चालवीत होता, आणि समोरून स्पर्धेबाहेरची एक मोटार येऊन धडकली. बियांकी गंभीर जखमी झाला. विजेता ठरला अँड्र्यू कोवन, ज्याच्या हिलमन गाडीत दोनऐवजी तीन जण होते.

दोघे हरले आणि तिघे जिंकले, असा निष्कर्ष येथे काढण्याचा मोह होतो. तो मी आवरतो. समोरून येणारी मोटार तीन जणांनाही धडकू शकली असती, आणि एका रुग्णावरून सिद्धांत मांडू नये हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितोच. त्या अपघातातून बरा झालेला बियांकी मार्च १९६९ मध्ये ल मांच्या सरावात मृत्यू पावला.

पुढचा इतिहास थोडक्यात. साठच्या दशकात फोर्ड आणि फेरारी यांचे वैर. १९७१ मध्ये पोर्शेने चोवीस तासांत तोडलेले ५,३३५ किलोमीटर, जो विक्रम २०१० पर्यंत टिकला. १९९० मध्ये सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर मुद्दाम घातलेली वळणे. १९९२ नंतर जागतिक मालिका बंद पडणे आणि २०१२ मध्ये नव्या नावाने परत येणे. २००६ मध्ये डिझेलचा आणि २०१२ मध्ये विजेची जोड असलेल्या गाडीचा पहिला विजय. आपल्या करुण चांढोकने २०१२ मध्येच दोन जोडीदारांसह सहावा क्रमांक मिळविला. त्याआधी २००९ मध्ये नारायण कार्तिकेयनचा खांदा शर्यतीच्या तोंडावर निखळला. नियमाप्रमाणे तीन चालक असल्यामुळे उरलेल्या दोघांनी गाडी सातव्या क्रमांकावर नेली. एक गळाला तरी काम थांबले नाही. आपल्यापैकी एखाद्याचा खांदा निखळला, तर त्याच्या दवाखान्याचे काय होते? आणि ज्या शर्यतीपासून हा लेख सुरू झाला, ती २०२५ ची शर्यत जिंकणाऱ्या तिघांत रॉबर्ट कुबिका होता, ज्याचा उजवा हात २०११ च्या अपघातात जवळजवळ तुटला होता. शल्यचिकित्सक मित्रांनी ते प्रकरण अवश्य वाचावे.

आज या शर्यतीत कोणत्याही सहा तासांत चार तासांहून अधिक आणि एकूण चौदा तासांहून अधिक कोणालाही चालविता येत नाही. मर्यादा ओलांडली तर शिक्षा आहे. 'मला थकवा आलेला नाही' हे चालकाचे म्हणणे कोणी विचारातच घेत नाही.

पाळी बदलण्याची त्यांची रीत मला सर्वांत शिकण्याजोगी वाटली. गाडी थांबते. उतरणारा चालक घाईने पळून जात नाही. तो वाकून नव्या चालकाचे पट्टे आवळून देतो, ब्रेक कोठे ओढतो, कोणत्या वळणावर तेल सांडले आहे, हे कानात सांगतो, आणि मग अभियंत्यांसमोर बसून तेच पुन्हा सांगतो. इंधन भरेपर्यंत हे सारे उरकावे लागते. म्हणजे लव्हेगला जी थरथर केवळ आपल्यालाच कळते असे वाटत होते, ती दुसऱ्याला सांगण्याची पद्धत त्यांनी घडविली. बदली नको म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांचा मुख्य आक्षेप हाच असतो की, हस्तांतरात माहिती गळते. आक्षेप खरा आहे. गळतेच. परंतु अमेरिका आणि कॅनडा येथील नऊ बालरुग्ण विभागांत निवासी डॉक्टरांना रुग्णाचे हस्तांतर कसे करावे हे नीट शिकविले गेले, तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. दोष बदलण्यात नव्हता, बदलताना न बोलण्यात होता.

थकव्याचे मोजमापही झालेले आहे. सलग सतरा तास जागा राहिलेला मनुष्य रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकाच मंद होतो, असे १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखविले. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. त्या शनिवारी रात्री दीड वाजता मी सतरा तास ओलांडले होते. २००४ मध्ये अतिदक्षता विभागातील शिकाऊ डॉक्टरांच्या पाहणीत, चोवीस तासांहून लांबच्या पाळ्या असताना गंभीर चुका ३६ टक्क्यांनी अधिक आढळल्या. पुढच्या वर्षी असेही दिसले की, अशा लांब पाळीनंतर घरी जाताना मोटार अपघाताचा संभव दुपटीहून अधिक असतो. याच्या उलट बाजूचा अभ्यासही आहे, तो लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही: २०१६ मधील शल्यविभागांच्या मोठ्या चाचणीत तास शिथिल केले तरी रुग्णांच्या निष्पत्तीत फरक पडला नाही. म्हणजे नुसते तास कापून भागत नाही. बदली येणारा माणूस हवा, आणि त्याला सांगण्याची रीत हवी.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. निवासी डॉक्टरांना एका वेळी बारा आणि आठवड्यात अठ्ठेचाळीस तासांहून अधिक सक्रिय काम साधारणपणे नसावे, असे केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत लिहिलेले आहे. मी त्या योजनेच्या काळातच एकतिसाव्या तासाला शून्य विसरलो. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा आणि एक दिवस सुटी सुचविली. सुचविली, एवढेच. निदान निवासी डॉक्टरांसाठी कागदावर काही आहे. गावात आणि तालुक्याला एकट्याने दवाखाना चालविणाऱ्या तुमच्या-माझ्यासाठी तेवढेही नाही. आमच्या गावचे कुस्तीचे मैदान पंचक्रोशीत गाजलेले. निकाली कुस्ती आम्हांला प्रिय. पण निकाली कुस्तीतही मल्ल एक जोड लढला की दुसऱ्या जोडीसाठी लगेच उभा राहत नाही.

खरे कारण माहितीची गळती नाही, हे आपण आपसांत तरी मान्य करावे. खरे कारण असे की, एकदा दुसऱ्याकडे पाठविलेला रुग्ण परत येईल की नाही, ही धास्ती. ती क्षुद्र नाही. दवाखान्याचे कर्ज आहे, कर्मचाऱ्यांचे पगार आहेत. पण धास्तीवर उपाय करता येतो. माझी सूचना अशी आहे. येळ्ळूर, मच्छे, वडगाव, शहापूर या पट्ट्यातील आपण बालरोगतज्ज्ञांनी रात्री दहा ते सकाळी सातपर्यंतची पाळी वाटून घ्यावी. ज्याची पाळी त्याने सर्वांचे तातडीचे रुग्ण पाहावेत, रात्रीचे शुल्क त्याचेच असावे, आणि सकाळी रुग्ण मूळ डॉक्टरकडे एका पानाच्या टिपणासह परत जावा. टिपणात पाच गोष्टी पुरेत: मूल किती आजारी, थोडक्यात इतिहास, काय केले, काय बिघडू शकते आणि बिघडल्यास काय करावे. दाखल असलेल्या मुलांबद्दल रात्री दहाला दूरध्वनीवरून बोलणे झालेच पाहिजे. तेथे टिपण पुरणार नाही. पालकांना आधीपासून सांगावे, दाराशी फलक लावावा. सहा महिने करून पाहावे, न जमल्यास सोडून द्यावे.

संघटनेच्या येत्या बैठकीत हा विषय मांडावा म्हणून चिटणीसांना पत्र दिले आहे. पाळ्यांचा एक कच्चा तक्ताही सोबत जोडला असून त्यात मंगळवार आणि शनिवार या दोन रात्रींसमोर माझे नाव लिहिले आहे. बाकीचे पाच रकाने मोकळे आहेत.